मदत हवी आहे: दुपारचा जुना पिक्चर बंद झालाय, चॅनलला कसं कळवायचं? सुलोचनाबाईंचे पिक्चर अजून कुठं मिळतील?

निपाणीचा_पोरगा

नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात काढला असेल तर ॲडमिननी हलवा, माझी हरकत नाही.

विषय असा की एक मराठी पिक्चरचं चॅनल आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच वाद नको. त्यावर दुपारी एकच्या सुमाराला रोज एक जुना पिक्चर लागायचा. जुना म्हणजे खरा जुना, ब्लॅक अँड व्हाइट, राजा परांजपे, अनंत माने, भालजी पेंढारकर या दिग्दर्शकांच्या काळातला. दिवाळीपासून तो स्लॉटच गेला. त्याजागी साऊथचे मारधाडीचे पिक्चर मराठीत डब करून लावतात, नाहीतर ऐंशी-नव्वदच्या दशकातले तेच ठरलेले विनोदी पिक्चर फिरवून फिरवून. जुने लागतात ते पहाटे पाच-साडेपाचला, त्याचाही नेम नाही, गाईडमध्ये एक नाव असतं आणि लागतं भलतंच. रेकॉर्ड करून ठेव म्हणाल, तर आमच्याकडं लोकल केबलचा साधा बॉक्स आहे, त्यात ती सोय नाही.

आता यात एवढं काय, तर सांगतो. आमच्या गल्लीत बायका विड्या वळतात हे निपाणीच्या माणसाला सांगायला नको. दुपारी आई, शेजारच्या मामी, अजून दोघी-तिघी आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत बसतात. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि जर्दा, हात विडीत आणि कान टीव्हीत. मान वर करायची ती गाणं लागलं की, नाहीतर सुलोचनाबाई (लाटकर, जुन्या नटी) रडायला लागल्या की. जुन्या पिक्चरमध्ये सगळं बोलण्यातनं कळतं, कोण आलं, कोण रुसलं, कुणी कुणाला घराबाहेर काढलं. डब केलेल्यात नुसतं धडाम-धुडूम, बघितल्याशिवाय काय चाललंय कळत नाही, आणि बघत बसलं की विडी सैल होते आणि सैल विडी कारखान्यात छाटात, म्हणजे नापास मालात जाते. म्हणजे पिक्चरपायी मजुरी कापून घ्यायची. शिवाय आमच्यातल्या एक मामी कन्नड बोलणाऱ्या आहेत, त्यांनी तो साऊथचा पिक्चर आधीच कन्नडमध्ये बघितलेला असतो, त्या पहिल्या जाहिरातीलाच शेवट सांगून मोकळ्या होतात.

तर मला दोन गोष्टी हव्यात. चॅनलला कळवायचं तर कसं लिहिलं म्हणजे कुणीतरी वाचेल? आणि तोवर 'वहिनीच्या बांगड्या', 'मोलकरीण', 'एकटी' हे पिक्चर सरळ मार्गानं कुठं बघायला मिळतील? मोबाईलवर नको, चार बायका एका मोबाईलमध्ये कशा बघणार. सुलोचनाबाई खडकलाटच्या, आमच्याच भागातल्या, त्यामुळं आमच्या घरी त्या नटी नाहीतच, माहेरचं माणूस आहेत.

टिळकवाडीकर

आमच्या घरात पण हेच चाललंय की. मी तर ते चॅनल लावायचंच सोडलोय. परवा चुकून लावलो तर 'महासिनेमा' म्हणून तोच पिक्चर, जो मी त्याच आठवड्यात दोनदा बघितलो. उत्तर मिळालं तर मला पण सांग बा, आमचे अण्णा रोज विचारूलेत.

चिकोडी९०

राग मानू नका पण चॅनल काय समाजसेवा करायला काढलेलं नाही. लोक बघतात ते लावतात. अशोक सराफ-लक्ष्या कितीदाही लागले तरी आमच्या घरी रिमोट खाली राहतो. ब्लॅक अँड व्हाइट बघणारे किती उरलेत? माझी पोरं तर रंग नाही म्हटल्यावर टीव्ही बिघडला म्हणतात.

निपाणीचा_पोरगा

@चिकोडी९० राग नाही. मला पण लक्ष्या आवडतो, पण तो रात्री नऊला आहे, सकाळी अकराला आहे, रविवारी दिवसभर आहे. मी एक वाजताचं बोलतोय. एक वाजता तुमची पोरं शाळेत असतात.

खडेबाजार_केबल

मी बरीच वर्षं केबलच्या धंद्यात होतो, म्हणून जरा मोठं लिहितो.

चॅनलवाल्यांचा देव म्हणजे बार्कचा, टीव्हीवर काय किती बघतात ते मोजणाऱ्या संस्थेचा आकडा, दर गुरुवारी येतो. देशभरात निवडलेल्या 50 हजारांच्या वर घरांत मीटर बसवलेत, कुठल्या घरात ते गुप्त असतं. चॅनलच्या आवाजातच एक खूण मिसळलेली असते, माणसाच्या कानाला कळत नाही, मीटरला कळते. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर वेगळं बटण, कोण टीव्हीसमोर आहे ते दाबायचं. हे झालं मोजणं. आता खरी मेख ऐका. मराठी चॅनलचा हिशेब बघतात तो 'महाराष्ट्र-गोवा' मार्केटचा. आपण पडतो कर्नाटक मार्केटमध्ये. म्हणजे निपाणी, खानापूर, बेळगाव इथं एखाद्या घरात मीटर असला आणि त्या घरानं दिवसभर मराठी चॅनल लावलं तरी तो आकडा कर्नाटकच्या खात्यात पडतो. जाहिरात देणारा पुण्या-नाशिकचं विचारतो, तुमच्या सोप्यात किती बायका बसतात हे त्याच्या कागदावर येतच नाही. चॅनल तुमच्यावर रागावलेलं नाही हो, त्याला तुम्ही दिसतच नाही.

म्हणून 'आम्ही सगळे बघत होतो' एवढंच लिहून काही होणार नाही. त्यांना कारण लागतं, तारीख लागते, पिक्चरचं नाव लागतं. जयंती, पुण्यतिथी असलं काही असलं की प्रोग्रामिंगवाल्यांना स्लॉट देणं सोपं जातं, वरच्या साहेबाला सांगायला काहीतरी होतं. सुलोचनाबाईंचा जन्म 30 जुलै 1928 चा, गेल्या 4 जून 2023 ला. या दोन तारखा धरा.

ॲडमिन

सूचना: 'महाराष्ट्र-गोवा मार्केट'वरून काही सदस्यांनी सीमाप्रश्न सुरू केलेला, ते प्रतिसाद काढलेत. त्याला वेगळा धागा आहे. इथं पिक्चर.

चिकोडी९०

@खडेबाजार_केबल हे मार्केटचं मला माहीत नव्हतं. म्हणजे मी लक्ष्याला बघतो तेही मोजत नाहीत म्हणा की.

कायदा_काका

हक्कांबद्दल थोडं. आपल्याकडं सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर 60 वर्षं, आणि ती 60 वर्षं पुढच्या 1 जानेवारीपासून मोजायची. 'वहिनीच्या बांगड्या' 1953 चा, म्हणजे त्याची मुदत 2013 संपताना संपली. 'मोलकरीण' 1963 चा, तो 2023 अखेर सुटला. 'एकटी' 1968 चा, त्याला अजून 2028 संपेपर्यंत वेळ आहे. पण लगेच हुरळून जाऊ नका. कथा, गीतं, संगीत यांचे हक्क वेगळे मोजतात, तिथं लेखकाच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. म्हणून चॅनलचा वकील जुन्या पिक्चरला पण कागद मागतोच, आणि निर्माता वारलेला, वारस चार ठिकाणी, असं असलं की फाईल तिथंच अडकते. त्यापेक्षा एका कंपनीकडून पन्नास डब पिक्चरचा गठ्ठा एका सहीत घेतलेला परवडतो. तुमच्या आईचा स्लॉट बहुतेक असाच गेला असणार, कुणी मुद्दाम काढला नसेल.

आणि कॉपीराइट सुटला तरी बघण्यासारखी प्रिंट ज्याच्याकडं, राज्य त्याचंच. 1950 च्या आसपासपर्यंतच्या फिल्म नायट्रेटच्या, त्या पेट घेतात. पुण्यात 2003 च्या जानेवारीत फिल्म संग्रहालयाच्या गोदामाला आग लागली त्यात प्रभात फिल्म कंपनीच्या काळातलं कितीतरी जळून गेलं. उरलेलं कुणाच्या तरी कपाटातल्या टेपवर, त्यावरून केलेल्या कॉपीवर.

संकेश्वरची_माई

बाळा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. आमच्याकडं विड्या नाहीत पण दुपारी निवडणं-टिपणं, शेवया, पापड असतंच, तेव्हा कानानं पिक्चर बघायचा म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. 'मोलकरीण' मध्ये 'देव जरी मज कधी भेटला' लागलं की आमच्या जाऊबाई हातातलं खाली ठेवायच्या. आईच मुलाच्या घरी मोलकरीण होऊन राहते, आता असं कुणी दाखवलं तर पोरं हसतील, पण सुलोचनाबाईंनी ते असं केलंय की हसायची छाती होत नाही.

आणि एक, नुसत्या सुलोचनाबाई कशाला, जयश्री गडकर पण कारवारकडच्याच की. चॅनलला लिही, मराठी पिक्चरच्या दोन मोठ्या नायिका कर्नाटकातल्या गावांतनं आल्या, आणि त्यांचे पिक्चर त्या गावातल्या बायकांनी पहाटे पाचला उठून बघायचे काय? पाचला आम्हाला पाणी भरायचं असतं.

टिळकवाडीकर

माई 🙏 हे पत्रात असंच्या असं घाला.

रीळ_आणि_रेशो

थोडा टेक्निकल प्रतिसाद. जे काही जुनं लागतं ते तरी नीट बघा. जुन्या पिक्चरची चौकट जवळजवळ चौकोनी असते, हल्लीचा टीव्ही लांबट. चॅनल नाहीतर तुमचा टीव्ही ते ताणून भरतो, मग सुलोचनाबाई गोलमटोल दिसतात आणि राजा गोसावी अजूनच बुटके. रिमोटवर पिक्चर साइज शोधा आणि 4:3 करा, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. चॅनलनंच ताणून पाठवलं असेल तरी यानं सुधारतं. चॅनलनं वरखाली कापून पाठवलं असेल, डोकी उडालेली असतील, तर मात्र उपाय नाही.

दुसरं, 'पिक्चर कापला' अशी तक्रार करायच्या आधी हिशेब करा. फिल्म सेकंदाला 24 चित्रांची, आपल्याकडचा टीव्ही 25 नं चालवतो, म्हणून 125 मिनिटांचा पिक्चर न कापताही 120 मिनिटांत संपतो. त्यात नियमानं तासाला 12 मिनिटं जाहिराती. अडीच तासांच्या स्लॉटमध्ये अर्धा तास जाहिरातीत गेला की दोन तास उरतात, पिक्चर त्याहून लांब असला की कात्री लागते आणि पहिली कात्री गाण्यावर. सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट दाखवतात त्यावर रिळं आणि लांबी लिहिलेली असते, फोटो काढून ठेवा, तक्रारीला जोडायला उपयोगी. काही चॅनल ते सर्टिफिकेट पण धड वाचू देत नाहीत तो भाग वेगळा.

खानापूर_एक्सप्रेस

बघायचं कुठं याचं उत्तर कुणी दिलंच नाही, मी देतो. जुन्या मराठी पिक्चरचे हक्क असलेल्या कंपन्यांनी बरेच पिक्चर यूट्यूबवर पूर्ण आणि फुकट टाकलेत. नावानं शोधा, चॅनलचं नाव कंपनीचं आहे ना तेवढं बघा, कारण कुणीही चोरून टाकलेले पण शेजारीच असतात, ते मध्येच गायब होतात आणि आवाज पण घोगरा. टीव्हीला मागं एचडीएमआयचं भोक असेल तर त्यात लावून यूट्यूब चालवायची एक स्टिक आणा, टीव्ही स्मार्ट नसला तरी चालतो, वायफाय नसेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट. एकदा लावून दिलं की आईला फक्त रिमोट.

नेट नको असेल तर डीडी फ्री डिश, एकदाच डिश-बॉक्सचा खर्च, महिन्याचं भाडं नाही. त्यावर सह्याद्री दिसतं. तिथं अधूनमधून जुनं चांगलं लागतं, पण रोज एक वाजता लागेल या भरवशावर राहू नका. केबलवाल्याला 'जुने पिक्चर लाव की' म्हणून सांगू नका, तो पेन ड्राइव्हवरचं कसलंही लोकल चॅनलवर लावेल आणि अडचणीत येईल.

निपाणीचा_पोरगा

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. टीव्हीला एचडीएमआय आहे, बघितलं. 4:3 केलं तर आई म्हणाली टीव्ही बारीक झाला, मग पाच मिनिटांनी म्हणाली असू दे, बाई आता बाईसारखी दिसते.

पत्राचा मसुदा करतोय, वाचून सांगा:

"आम्ही निपाणी, संकेश्वर, बेळगाव भागातले प्रेक्षक. आमचं बघणं आपल्या आकड्यांत येत नाही हे आम्हाला माहीत आहे, म्हणून पत्र लिहितो आहोत. दुपारी एक वाजता आमच्याकडच्या बायका विड्या वळताना, पापड लाटताना टीव्ही ऐकतात. ऐकून कळेल असा पिक्चर त्यांना हवा असतो आणि तो आपल्याकडं आहे, कारण पहाटे साडेपाचला आपण तो लावता. रोज नाही जमलं तर 30 जुलैला, सुलोचनाबाईंच्या जन्मदिवशी, दुपारी एक वाजता 'मोलकरीण' किंवा 'वहिनीच्या बांगड्या' लावावा. त्यांचं खडकलाट आमच्या शेजारी आहे."

खाली माईंचं पहाटेच्या पाण्याचं वाक्य घालतो.

खडेबाजार_केबल

चांगलं आहे. 'आपल्याकडं आहे' हा मुद्दा सगळ्यात भारी, हक्क नाहीत म्हणून सांगायची सोय ठेवली नाहीस. फक्त पहाटेच्या एखाद्या पिक्चरचं नाव आणि तारीख घाल, नाहीतर 'असं काही लागत नाही' म्हणतील. आणि मेल प्रेक्षक तक्रार विभागाला नको, तिथं अश्लील-आक्षेपार्ह असल्याच तक्रारी बघतात, स्लॉट बदलणं त्यांच्या हातात नसतं. चॅनलच्या वेबसाइटवर प्रोग्रामिंगचा पत्ता असला तर तिथं, नसला तर मुंबईच्या ऑफिसला कागदावर पाठव. कागद टेबलावर राहतो, मेल खाली जातो.

चिकोडी९०

माझं पण नाव घाल सहीत. आमच्या आजीला विचारलं, ती म्हणाली 'एकटी' पण लिहायला सांग.

निपाणीचा_पोरगा

घातलं, 'एकटी' पण घातला. ज्यांना सही करायची त्यांनी गाव आणि नाव मला व्यक्तिगत निरोपात द्या, इथं उघड नको. रविवारी प्रिंट काढून सोमवारी स्पीड पोस्ट करतो. स्टिक मागवलीय, आता हॉटस्पॉट कुणाच्या मोबाईलचा यावरून आई आणि मामींचं बोलणं चालू आहे, मामींच्या पोराकडं रोजचा डेटा जास्त आहे म्हणे.