मदत हवी आहे: लहान घरासाठी लाकडाचा स्टोव्ह, कोणता घ्यावा?

गारठलेला_मावळा
नमस्कार मंडळी. लहान घर आहे, त्यासाठी लाकडाचा स्टोव्ह घ्यायचाय. योटुल ६०२ घ्यावा की त्याहून मोठा? कॅटॅलिस्टवाला (धूर जाळणारी जाळी असलेला) की साधा? दुकानदार म्हणतो मोठाच घ्या, नंतर पस्तावाल. रविवारी सवलत संपतेय, तेव्हा जरा पटापट सांगा.

धुराडं
लहान म्हणजे किती? कुठल्या गावी? छत किती उंच, पोटमाळ्यावर इन्सुलेशन आहे का, चिमणी आहे का, असली तर विटांची की पोलादी, भिंतीच्या आत की बाहेर? लाकूड कुठलं? यातलं काहीच न सांगता मॉडेल कसं सुचवायचं?

गारठलेला_मावळा
६५० चौरस फूट, एक मजली, अमेरिकेत व्हर्मांटला. चिमणी आहेच, विटांची. लाकूडही सांगून ठेवलंय. स्टोव्ह कोणता ते सांगा ना.

पेलेटप्रेमी
लाकडाच्या भानगडीत पडूच नका. पेलेट स्टोव्ह घ्या, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारा. ४० पौंडांची पिशवी ओतली की एवढ्या घराला दिवसभर पुरते, थर्मोस्टॅट लावा आणि झोपा. चिमणीही नको, ३ किंवा ४ इंची नळी भिंतीतून बाहेर काढली की झालं.

धुराडं
आणि बर्फाच्या वादळात वीज गेली की? पेलेट ढकलणारा स्क्रू बंद, पंखा बंद, घर थंड. नेमकी त्याच दिवशी उष्णता हवी असते.

पेलेटप्रेमी
बॅटरी बॅकअप मिळतो हो. पेटवताना तेवढी वीज जास्त खातो, एकदा पेटला की शंभरेक वॉटवर चालतो.

उष्मांक
मूळ प्रश्नाकडे येऊ. स्टोव्हच्या कागदावर "१,२०० चौरस फुटांपर्यंत" वगैरे लिहिलेलं असतं त्याला अर्थ नाही. भट्टीचं, म्हणजे स्टोव्हमध्ये लाकूड जिथे जळतं त्या पोकळीचं, घनफळ बघा. २० टक्के ओलाव्याच्या एक पौंड लाकडातून, स्टोव्हची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर सुमारे ५,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) घरात येतात. घनफुटाला साधारण १२ पौंड लाकूड बसतं. १.६ घनफुटांच्या भट्टीत १९ पौंड, म्हणजे ९५,००० बीटीयू. ते ७ तासांत जळलं तर ताशी साडेतेरा हजार. बऱ्या इन्सुलेशनच्या ६५० फुटांना उणे १८ सेल्सिअसला एवढं जेमतेम पुरतं, फटी असलेल्या जुन्या घराला नाही.

६०२ ची भट्टी याहून बरीच लहान. उष्णता भरपूर देतो, पण रात्री ११ ला भरला तर पहाटेला निखारेच उरतात. उलट ३ घनफुटांचा घेतलात तर खोली भट्टी होईल, मग तुम्ही हवेची झडप आवळून लाकूड धुमसत ठेवाल. धूर थंड होऊन चिमणीत क्रिओसोट (डांबरासारखा थर) धरतो आणि तोच एक दिवस आतल्या आत पेट घेतो. दुकानदाराचं "मोठाच घ्या" इथे चुकतं. १.५ ते २ घनफूट बघा.

धुराडं
घनफळाशी सहमत. पण पहिल्यांदाच घेणाऱ्याला कॅटॅलिस्ट नको. बायपास (धुराची थेट चिमणीत जाणारी वाट) बंद करायच्या आधी तो सुमारे २६० सेल्सिअसला पोचावा लागतो, रंग लावलेलं लाकूड किंवा चकचकीत कागद घातला की निकामी होतो, आणि हजारो तासांनी बदलावाच लागतो. धूर जाळायला वरच्या नळ्यांतून दुसऱ्यांदा हवा देणारा साधा स्टोव्ह बरा.

उष्मांक
लहान घराला मंद आणि लांब जळणारी आगच तर हवी असते, आणि ते कॅटॅलिस्टवाल्यालाच जमतं. साधा स्टोव्ह ठरावीक मर्यादेखाली उतरवला की वरची ज्योत विझते आणि धूर सुरू. बायपासची दांडी ओढायला काय पदवी लागते?

धुराडं
पदवी नाही, रोजची शिस्त लागते.

कोकणचा_अण्णा
एवढे डॉलर कशाला? आपला तांब्याचा बंब ठेवा. ढलप्या घाला, अंघोळीचं पाणीही तापेल. नाहीतर कोळशाची शेगडी, खोली मस्त ऊबदार होते.

उष्मांक
अण्णा, बंब अंगणातला किंवा न्हाणीतला. आणि बंद खोलीत शेगडी अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. मावळे, स्टोव्ह कुठलाही घ्या, झोपायच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा (सीओ) अलार्म हवाच.

डॉलरबहाद्दर
३० टक्के टॅक्स क्रेडिट मिळतं, २,००० डॉलरपर्यंत. ते धरून बजेट वाढवा.

धुराडं
आता नाही. ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्याला ते लागू नाही. मावळे, चिमणीचं सांगा. आतून मोजलीत का? तिला दुसरं काही जोडलंय?

गारठलेला_मावळा
मोजली नाही, बाहेरून चौकोनी दिसते. तळघरातला तेलाचा फर्नेस तिलाच जोडलाय. एक भोक वर आणखी आहे, त्यात स्टोव्हची नळी घालणार होतो. का?

धुराडं
थांबा, रविवारची सवलत विसरा. एकाच धुरमार्गात तेलाचा फर्नेस आणि लाकूड चालत नाही. अग्निसुरक्षेच्या एनएफपीए २११ मध्ये स्पष्ट मनाई आहे, तपासणीत नापास व्हाल आणि घराचा विमा अडेल. कारणही साधं आहे: क्रिओसोटने मार्ग चोंदला की फर्नेसचा धूर घरात येतो, आणि एकाची ओढ (धूर वर खेचण्याचा जोर) दुसऱ्याचा धूर अडवते.

समजा उद्या फर्नेस काढलात, तरी ८ बाय ८ ची मातीची नळी आतून पावणेसात इंचांच्या आसपास भरते. ६ इंची स्टीलचा लायनर (चिमणीच्या आत घालायची नळी) अधिक भोवती अर्धा इंच इन्सुलेशन म्हणजे ७ इंच. जात नाही. मग मातीची नळी फोडून काढा, किंवा स्टोव्हवाल्याची परवानगी असेल तर साडेपाच इंची लायनर घाला.

तुमच्या एक मजली घराला सोपं म्हणजे नवी पोलादी चिमणी, सरळ छतातून. स्टोव्हपासून छतापर्यंत काळी दुहेरी नळी, छताला सपोर्ट बॉक्स, तिथून वर ६ इंची क्लास ए, म्हणजे इन्सुलेशन असलेली तयार चिमणी, यूएल १०३ एचटी या सुरक्षा-चाचणीच्या शिक्क्याची. तिच्याभोवती लाकडापासून २ इंच मोकळी जागा, आणि पोटमाळ्यावर शील्ड, नाहीतर इन्सुलेशन घसरून तिला टेकतं. छतातून निघते तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही असेल त्याच्या २ फूट वर. ५ फुटांपेक्षा जास्त उघडी राहिली तर टेकू. स्टोव्हच्या डोक्यापासून टोपीपर्यंत १५ फूट तरी भरायला हवेत, एक मजली घरात इथेच कमी पडतं. कोपरे टाळा. चिमणी घराच्या आतून गेली की गरम राहते, ओढ चांगली लागते.

गारठलेला_मावळा
अरे देवा. म्हणजे चिमणीचाच खर्च स्टोव्हएवढा?

उष्मांक
बऱ्याचदा तेवढाच, कधी जास्त. आधी गावच्या कार्यालयात परवान्याचं आणि विमा कंपनीला विचारा, मग स्टोव्ह. जागा मोजताना भिंतीपासूनचं अंतर मॉडेलच्या पुस्तिकेतलंच धरा. शिक्का नसलेल्या जुन्या स्टोव्हला ३६ इंच लागतात, ६५० फुटांत तेवढी जागा कुठून आणणार? खाली न जळणारी फरशी, दारासमोर किमान १६ इंच. काही मॉडेलना नुसता ठिणग्यांपासून बचाव पुरतो, काहींना उष्णतारोधक थरही लागतो. तेही पुस्तिकेत असतं.

फोडणी
एक कुणी विचारलं नाही. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट केवढा आहे? लहान घट्ट घरात ४०० सीएफएमचा (मिनिटाला ४०० घनफूट हवा ओढणारा) पंखा मिरच्यांच्या फोडणीला लावला की चिमणीतून उलटी हवा खेचतो आणि धूर खोलीत. पंखा लावताना खिडकी दोन बोटं उघडा. स्टोव्हला बाहेरच्या हवेची नळी जोडता येत असेल तर जोडा, पण तिने सगळं सुटेल असं नाही.

लसूणचटणी
यावर भाकरी होते का?

फोडणी
सपाट ओतीव लोखंडी माथ्याचा असेल तर बिडाचा तवा ठेवून होते. सोपस्टोनचा (दगडी) माथा सावकाश तापतो, त्यावर नाही जमत. तापलेल्या बिडावर गार पाणी सांडू नका, तडकतं.

धुराडं
भाकरी नंतर. मावळे, लाकूड कुठलं सांगितलंय?

गारठलेला_मावळा
दोन कॉर्ड, रेड ओक. मागच्या महिन्यात फोडलंय म्हणाला, "सीझन्ड" (वाळलेलं) आहे.

धुराडं
मागच्या महिन्यात फोडलेला ओक सीझन्ड नसतो, त्याला दोन उन्हाळे लागतात. ३० डॉलरच्या आतलं ओलावामापक घ्या, एक तुकडा परत फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर टोचा. २० च्या वर आकडा आला तर या हिवाळ्यात नको. तो ओक जमिनीपासून उचलून रचा, वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. यंदासाठी कारखान्याच्या भट्टीत वाळवून विकतात ते लाकूड किंवा मेण नसलेल्या भुशाच्या विटा. विटा सुरुवातीला थोड्याच घाला, फार तापतात. आणि कॉर्ड म्हणजे १२८ घनफूट, ४ बाय ४ बाय ८. "फेस कॉर्ड" दिलं असेल तर ते साधारण एक तृतीयांश. तुकडे किती लांबीचे मागितलेत?

गारठलेला_मावळा
लांबी पण सांगायची असते?

उष्मांक
हो. १.६ घनफुटांच्या बऱ्याच स्टोव्हमध्ये १६ ते १८ इंच जातात. १६ सांगा, आजच फोन करा.

पेलेटप्रेमी
पेलेटला लांबी नसते.