हट्ट नव्हे, दुखण्याची भीती

मूल हट्टाने शी अडवते, म्हणून ती होईपर्यंत त्याला पॉटीवरून उठू देऊ नये, हे वरच्या प्रतिसादातील मत मला पटत नाही. बहुतेक वेळा आधी कधीतरी कडक शी होताना दुखलेले असते आणि त्या भीतीने मूल पुढची कळ दाबून धरते. शी जितका वेळ आत राहते तितके तिच्यातले पाणी मोठ्या आतड्यात शोषले जाते, ती आणखी कडक होते आणि पुढच्या वेळी जास्तच दुखते. आमची मुलगी पावणेतीन वर्षांची असताना पडद्यामागे जाऊन, टाचा उचलून, पाय एकमेकांवर घट्ट आवळून लालबुंद चेहऱ्याने उभी राहायची. ती जोर करते आहे असे आम्हाला वाटायचे. प्रत्यक्षात ती शी रोखून धरत होती.

एक गोष्ट मात्र इथे कुणी लिहिलेली नाही. शी रोखून धरणाऱ्या मुलाच्या चड्डीला वारंवार पातळ शी लागत असेल, तर जुलाब समजून घरच्या घरी औषध देऊ नये. आत साठलेल्या कडक खड्याच्या कडेने पातळ मल झिरपत असतो आणि गुदाशय (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) ताणला गेल्यामुळे मुलाला ते कळतही नाही, मग त्याबद्दल रागावणे अन्यायाचेच. आम्हाला बालरोगतज्ज्ञांनी शी मऊ करणारे औषध दिले, जे कित्येक महिने चालले, आणि तोवर तिने शी करण्यासाठी मागितला तर डायपर बांधायला सांगितले. जेवणानंतर 5 ते 10 मिनिटे, पायांखाली छोटे स्टूल ठेवून ती बसायची. काही झाले नाही, तरी उठू द्यायचो.