'बामणाचा पत्रा' हिंदीत कसा न्यायचा?

आडवळण : गदिमांवरचा एक लेख हिंदीत करतेय. माडगुळ्याला मळ्यात त्यांची लिहायला बसायची जागा होती, 'बामणाचा पत्रा'. मी 'टीन की चादर' केलं, तर संपादक विचारतात, चादर अंथरून लिहायचे का? 'टीन शेड' म्हटलं की रेल्वे स्टेशन दिसतं. 'झोपड़ी' तर खोटंच. काय करू?

बोरीबाभळी : पत्रा म्हणजे आख्खी जागा हो, नुसतं छत नव्हे. आमच्या आटपाडीकडं "म्हातारं पत्र्यात निजलंय" म्हणतात. सगळी घरं धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची, त्यात एखाद्यानं पत्रे घातले की त्या जागेला तेच नाव पडतं.

शुद्धमती : पत्र म्हणजे पान, त्यावरूनच पातळ तो पत्रा. 'पर्णकुटी' करा, व्युत्पत्तीला धरून होईल. त्यांच्या पुण्यातल्या घराचं नावही 'पंचवटी'च होतं.

बोरीबाभळी : ताई, एप्रिलातल्या दुपारी पत्र्याखाली बसा आणि मग पर्णकुटी म्हणा.

तिरशिंगराव : 'पत्रा' तसाच ठेवा. 'बामणाचा' मात्र जपून. हे गावाच्या तोंडचं नाव वाटतं, स्वतः बामण असं कशाला म्हणेल? 'ब्राह्मण का' केलं की एकदम सोवळं होतं.

इंदूरकर : तसाच कसा ठेवणार? हिंदीत पत्रा म्हणजे पंचांग! 'ब्राह्मण का पत्रा' वाचून इकडचा माणूस मुहूर्त विचारेल.

आडवळण : अरे देवा. हे लक्षातच आलं नव्हतं.

हिशेबी : पण पत्र्याचं एवढं कौतुक कशाला? गीतरामायण 1955-56 चं, पुणे आकाशवाणीसाठी, आठवड्याला एक अशी 56 गीतं. ती मुदतीनं लिहून घेतली, माडगुळ्यानं नाही.

बोरीबाभळी : मुक्काम पुण्यात असेल, कान कुठं तयार झाला? धाकट्या भावाचं, व्यंकटेश तात्यांचं बघा. 1955 च्या 'बनगरवाडी'त विशेषण शोधावं लागतं. आमच्या दुष्काळी माणदेशात पाऊस जसा पडतो तसंच तात्यांचं वाक्य.

हिशेबी : मग कोकणातल्या लेखकांनी पाल्हाळच लावायला हवं.

तिरशिंगराव : लावतात की!

केळीचं पान : बहिणाबाईंचंही तेच. त्या आसोद्याच्या, सुगरणीच्या घरट्याला 'खोपा' म्हणाल्या. 'घोंसला' केलंत की खान्देश गेला.

शुद्धमती : खोपा म्हणजे अंबाडा. आमची आजी खोप्यात अबोलीचा वळेसर माळायची.

बोरीबाभळी : आमच्याकडं खोप म्हणजे शेतातली झोपडी.

आडवळण : मंडळी, पत्रा! उद्या मजकूर द्यायचाय.

इंदूरकर : 'टीन की छत वाला खेत का घर' लिहून मोकळ्या व्हा.

शुद्धमती : केळीचं पान, पण खान्देशात अंबाड्याला मग काय म्हणतात?

केळीचं पान : आईला विचारून सांगतो.