वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरायचं थांबतच नाही, काठावरून बाहेर येतं

प्रश्न: टॉप लोड, फुल्ली ऑटोमॅटिक, साडेसहा किलोचं मशीन. पाण्याची पातळी 'मध्यम' ठेवली तरी टब काठोकाठ भरून बाथरूमभर पाणी होतं. पाणी बोअरचं, जड. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी गच्चीत. घरच्या घरी काय तपासता येईल?

खटपट्या: पाणी भरत असताना प्लगच काढा, नुसतं बटण बंद करू नका. तरीही पाणी येत राहिलं तर दोष इनलेट व्हॉल्व्हचा (मशीनमध्ये पाणी सोडणारी आणि थांबवणारी झडप). थांबलं तर व्हॉल्व्ह ठीक आहे, पाणी किती भरलंय हे मशीनला कळत नाहीये. मग प्रेशर सेन्सर आणि त्याची नळी बघायची.

प्रश्नकर्ता: प्लग काढला. धार बारीक झाली, पण थांबली नाही.

खटपट्या: म्हणजे व्हॉल्व्हच. आतल्या रबरी पडद्याखाली वाळूचा कण किंवा क्षार अडकला की तो नीट बसत नाही. नळ बंद करून इनलेट पाइप सोडवा, तोंडाशी असलेली जाळी पक्कडीने ओढून काढा आणि व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवून ब्रशने घासा. जाळीपलीकडे गेलेला कचरा मात्र असा निघत नाही, व्हॉल्व्ह बदलणंच बरं. मॉडेल नंबर दाखवूनच घ्या. वायरी काढण्याआधी फोटो काढून ठेवा. कॉइल (व्हॉल्व्ह उघडणारी विजेची गुंडाळी) मीटरने तपासत बसू नका. कॉइल जळाली तर पाणी येणारच नाही.

नळदुरुस्ती: थांबा, आधी टाकीची उंची मोजा. हा व्हॉल्व्ह बंद होतो तोच पाण्याच्या दाबावर. बऱ्याच मशीनना किमान ०.०३ मेगापास्कल दाब लागतो, म्हणजे टाकीतलं पाणी व्हॉल्व्हपासून साधारण ३ मीटर उंच हवं. वरच्या मजल्यावर हे अंतर अनेकदा निम्मंच भरतं, मग नवा व्हॉल्व्हही झिरपतो. तिथे कमी दाबावर चालणारा व्हॉल्व्ह किंवा छोटा प्रेशर पंप लागतो. तोवर कपडे धुऊन झाले की नळ बंद.

खटपट्या: दाबाचं बरोबर, ते आधी बघा.

चिमटा: प्लग काढल्यावर ज्यांचं पाणी थांबतं त्यांनी सेन्सरची बारीक नळी बघावी. ती टबच्या तळाशी असलेल्या हवेच्या कप्प्यातून वर येते. साबणाचा गाळ बसला, टोक सैल झालं किंवा उंदराने कुरतडली (हे फार होतं) की सेन्सरला दाब पोचत नाही. सेन्सरकडचं टोक काढून टबच्या दिशेने फुंका, सेन्सरमध्ये नाही. नळी परत बसवताना टब पूर्ण रिकामा हवा. आत पाणी असताना बसवली तर तीच पातळी मशीन शून्य धरतं आणि पुन्हा पाणी उतू जातं.