शाळेतला खताचा खड्डा बुजवायला सांगतायत, मुलं फार हिरमुसलीत, काय करता येईल?

नववीच्या मॅडम
नमस्कार. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते, पाचवी ते दहावीची शाळा आहे, हरित सेना, म्हणजे मुलांचा पर्यावरण गट, माझ्याकडे आहे. पण आधीच सांगते, हे माझं काम नाही, नववीच्या मुलांनी स्वतः उभं केलेलं आहे. पोषण आहार आठवीपर्यंतच असतो, त्यामुळे नववीवाले दुपारी डबे खाऊन मैदानात असतात आणि रोज बघतात की उरलेली खिचडी, आमटी, भाजीचे देठ सगळं मागच्या गटारापाशी टाकलं जातं आणि कुत्री जमतात. जूनमध्ये चार-पाच मुलींनी धान्याचा वजनकाटा मागून घेतला आणि दोन आठवडे रोजचं खरकटं मोजलं. सहा किलोच्या आसपास भरायचं. मग त्यांनीच मोठ्या सरांना विचारून वडाच्या मागे खड्डा खणला, तीन बाय तीनचा, शेजारी परसबागेचे वाफे केले, मेथी, अंबाडी आणि दोडक्याचा वेल लावला.
आणि एक गोष्ट आपोआप झाली. दुपारी तिथे बसायची सवय लागली मुलांना. कुणी माती चाळतं, कुणी नुसतं बसून राहतं. वर्गात वर्षभर तोंड न उघडणारी एक मुलगी तिथे बोलायला लागलीय, हे मी स्वतः बघितलंय. मुलांनी त्या जागेला नाव दिलंय, वडाखालचा कट्टा.
आता अडचण. पाऊस लागल्यापासून खड्ड्याला भयंकर वास यायला लागला, पांढऱ्या अळ्या झाल्या, शेजारच्या वर्गातून तक्रार आली आणि दोन पालक येऊन म्हणाले की आम्ही पोरं कचरा उपसायला शाळेत पाठवतो का. मोठ्या सरांनी आठ दिवसांची मुदत दिलीय, नाहीतर बुजवा म्हणाले. ते वाईट नाहीत, त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं. पण त्या मुलीचा चेहरा डोळ्यापुढून जात नाही. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

मातीवाला
मॅडम आधी एक, अळ्यांना घाबरू नका, त्या सैनिक माशीच्या असू शकतात, त्या खरकटं खातात, माणसाला काही करत नाहीत. पण त्या झाल्यात म्हणजे ओल जास्त आणि हवा कमी, वासाचंही कारण तेच. पावसाळ्यात जमिनीत खड्डा नकोच, पाणी साचतं आणि सगळं कुजण्याऐवजी सडतं. भाताची खिचडी तर लगेच चिकटून गोळा होते, आत हवा जातच नाही.
खड्ड्याऐवजी जमिनीवर विटांचा हौद करा. आपल्याकडे नाडेप म्हणतात ना, तो यवतमाळकडच्या पुसदच्या नारायण पांढरीपांडेंनी काढलेला, त्यांच्या नावावरूनच नाडेप. त्यांचा मूळ हौद १० बाय ६ बाय ३ फुटांचा, तुम्हाला एवढा नकोय, ५ बाय ३ पुरे. विटा रचताना मध्ये मध्ये जागा सोडायची, सिमेंटची गरज नाही. वर पत्रा, बाजूला जाळी, म्हणजे पाऊस, कुत्री, घुशी तिन्हीचा बंदोबस्त.
भरताना खाली काटक्या, मग एक बादली खरकटं असेल तर निदान दोन-तीन बादल्या वाळका पाला, वर दोन ओंजळी माती आणि शेणकाला. खरकटं कधीच उघडं दिसता कामा नये, हा एकच नियम मुलांना पाठ करायला लावा. मुठीत दाबून बघायचं, पाणी गळलं तर अजून पाला, हात कोरडाच राहिला तर पाणी शिंपडा. आत्ताचं खड्ड्यातलं फेकू नका, पाल्यात मिसळून तेच हौदात घ्या, दोन-तीन दिवसांत वास उतरेल. खत व्हायला तीन-चार महिने धरा.
आणि वाळका पाला आत्ता मिळणार नाही, म्हणून नारळाच्या शेंड्या, लाकडाच्या वखारीतला भुसा, उसाचं वाळकं पाचट बघा. पुढच्या वर्षीसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये पोत्यांत भरून ठेवा, नाहीतरी तेव्हा सगळीकडे पाला जाळतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला ५००० रुपये दंड सांगितलाय, हे मोठ्या सरांच्या कानावर घाला.

चिपळूणची आई
मी पालक म्हणून लिहिते. त्या दोन पालकांचा राग मला समजतो हो. आमच्या लहानपणी शाळेत झाडू कुणाच्या हातात द्यायचा हे ठरलेलं असायचं, कुणाच्या ते तुम्हाला माहितीये. माझ्या मोठ्या बहिणीने ते सोसलंय. त्यामुळे कचरा म्हटलं की काही घरांत लगेच काळजात कळ येते, त्याला आडमुठेपणा म्हणू नका. आमच्या मुलाच्या शाळेत यावरूनच वाद झाला, तेव्हा हजेरीपटाच्या क्रमाने पाळी लावली, सगळ्यांची, मुलगे मुली सगळे, आणि आठवड्यातला एक दिवस शिक्षकांचा. मुख्याध्यापक बाईंनी पहिल्या दिवशी स्वतः घमेलं उचललं, त्यानंतर एकही पालक बोलला नाही. हातमोजे द्या, काम झालं की साबणाने हात, आणि काचा-पत्रा निवडायचं काम मुलांना देऊ नका.
त्या दोघांना शाळेत बोलवा, पण ऑफिसात नाही, वाफ्यापाशी. अंबाडी झाली की जुडी हातात द्या.

शाळा समुपदेशक
मातीवाल्यांनी खताचं उत्तम सांगितलंय, मी कट्ट्याबद्दल लिहिते. मॅडम, तो कट्टा जपा, पण त्याला उपक्रम करू नका. आमच्याकडे अशीच जागा होती, मग कुणीतरी तिथे फळा लावला, भावनांचा तक्ता आणला, फोटो काढून वर पाठवायला लागले, महिनाभरात मुलं यायची बंद झाली. माती हातात असली की मुलाला समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागत नाही, बोलणं सोपं जातं, एवढंच त्यामागचं आहे. तुम्ही जवळपास असा, वही तपासत बसा, मध्ये पडू नका.
एक बाबतीत मात्र ढिलाई नको. मुलं मुलांचं ऐकून घेतील पण ती समुपदेशक नाहीत, हे ओझं त्यांच्यावर टाकू नका. त्यांना साध्या शब्दांत सांगा की कुणी म्हणालं जगावंसं वाटत नाही, किंवा घरी-बाहेर कुणी त्रास देतं, अंगाला हात लावतं, तर ते गुपित ठेवायचं नाही, त्याच दिवशी मॅडमना सांगायचं. आणि तुम्हाला कळलं की तुम्हालाही गप्प बसता येत नाही, पॉक्सो कायद्यात लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८, दोन्ही नंबर पाण्याच्या टाकीपाशी लिहा, जिथे उभं राहून वाचलं तरी कुणाचं लक्ष जात नाही.
ती मुलगी बोलतेय ना, तिला विचारू नका काय बोलतेस म्हणून. बोलू दे.

नववीच्या मॅडम
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री दोनदा वाचलं. आज मुलांना खताचा भाग वाचून दाखवला, एकाने लगेच खड्ड्यातला गोळा मुठीत दाबला तर कोपरापर्यंत पाणी ओघळलं, सगळ्यांना तिथेच कळलं काय चुकलं ते. एकाच्या काकांचं उसाचं शेत आहे, उद्या पाचट येतंय. हजेरीपटाची पाळी मला सुचलीच नव्हती, उद्या शिक्षकांपासूनच सुरुवात करते, पहिलं नाव माझं. फळा लावायचं माझ्या मनात होतं, आता नाही लावत. नंबर टाकीपाशी लिहिले. मोठे सर विटांना हो म्हणाले, पण पैसे नाहीत म्हणाले.

वाईकर
मॅडम वाईच्या आसपास असाल तर माझ्याकडे घर बांधून उरलेल्या दीड-दोनशे विटा पडून आहेत, जुना पत्राही आहे, न्या. टेम्पोचं भाडं मी बघतो. फक्त रविवारी या, मी इतर दिवशी कामावर असतो, आणि चार मुलं आणा, रचायची कशी ते माझे वडील दाखवतील, ते गवंडी होते.

नववीच्या मॅडम
येतो. चार नाही, अकरा येतायत. ती पण येतेय.