बाबांचा गोल्फचा लाकडी ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याची काठी) दुरुस्त करायचा आहे, सुताराकडे दिलाय. मदत हवी

बाबा सैन्यात होते. देवळालीला असताना, 1974 साली, त्यांनी निवृत्त होणाऱ्या एका साहेबांकडून गोल्फचा जुना सेट घेतला. बाबा गेल्यापासून तो माळ्यावरच होता. मी गेल्या वर्षी खेळायला लागलो, म्हणून आता खाली काढला.

ड्रायव्हरचं डोकं लाकडी आहे. माझा आत्ताचा ड्रायव्हर पोकळ टायटॅनियमचा, डोकं 460 सीसी आकारमानाचं, म्हणजे नियमात बसणारं सगळ्यात मोठं. शेजारी ठेवले तर नारळाजवळ मोसंबं ठेवल्यासारखं दिसतं. 1991 साली कॅलवे कंपनीचा बिग बर्था ड्रायव्हर आला तेव्हा तो लोकांना अवाढव्य वाटला होता, आणि तो होता 190 सीसी!

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, दहा चेंडू मारले. आठ वाया गेले. एक मात्र बरोबर मधोमध बसला आणि हाताला काही लागलंच नाही, फक्त 'टक' असा आवाज. बाबांना हे रोज मिळत असणार. दहाव्या फटक्याला शाफ्ट (दांडा) डोक्यात शिरतो तिथला गुंडाळलेला काळा दोरा सुटला. कोच म्हणाले, शोकेसमध्ये ठेवा. मला ठेवायचा नाही, खेळायचा आहे.

1. दोरा शोभेचा असतो की कामाचा?
2. समोरची बाजू मधे फुगीर आहे. पावसाळ्यात लाकूड फुगलं असेल का? सुतार रंधा मारून सपाट करून देतो म्हणतोय.
3. लाकूड खरं पर्सिमन (जुन्या ड्रायव्हरांना वापरायचे ते) आहे हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद

आधी सुताराला फोन करा, रंधा अजिबात नको! तो फुगवटा मुद्दाम दिलेला असतो, टायटॅनियमच्या ड्रायव्हरलाही असतो. चेंडू डोक्याच्या दांड्यापासून लांबच्या टोकाला लागला की डोकं वळतं, आणि दातेरी चाकं एकमेकांना उलटी फिरवतात तशी चेंडूला उलटी फिरकी मिळते. फुगवट्यामुळे चेंडू आधी बाहेर निघतो आणि फिरकीने आत येतो. सपाट केलात तर फक्त आत वळेल.

दोरा कामाचा आहे. मानेचं, म्हणजे दांडा शिरतो तिथलं, लाकूड पातळ असतं, दोरा नसेल तर तिथे चिरतं. मेण लावलेला नायलॉनचा दोरा घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळा. तोपर्यंत एकही फटका नको. रेंजचे कडक चेंडू तर नंतरही नकोत, मऊ चेंडू घ्या. आणि गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका.

पॉलिश उडालेल्या जागी बघा. एकसारख्या समांतर पट्ट्या दिसल्या तर चिकटवलेलं मेपल. अखंड लाकूड असेल तर बहुधा पर्सिमन, म्हणजे विडीची पानं देणाऱ्या आपल्या टेंभुर्णीची अमेरिकन भावकी. 1979 मध्ये टेलरमेड कंपनीने पोलादी डोक्याचा ड्रायव्हर आणला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हे लाकूड मागे पडलं. जपा.

धागाकर्ता

खूप आभार. दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिलो. रंधा लागला नव्हता. डोक्याच्या टाचेजवळ (दांड्याकडच्या बाजूला) पॉलिश उडालंय तिथे भिंगाने पाहिलं, पट्ट्या नाहीत, अखंड लाकूड आहे. असा दोरा पुण्यात कुठे मिळेल? चांभाराचा मेणदोरा चालेल का?