वाह पेडलमध्ये बदलता इंडक्टर कसा बसवायचा?

मंद्रसप्तक:
माझ्याकडे गिटारचं क्राय बेबी जीसीबी-९५ वाह पेडल (पायाने हलवून ‘वाह’ असा आवाज काढायचं) आहे. आतला ५०० मिलीहेन्रीचा इंडक्टर (तारेची गुंडाळी) काढून ३००, ५०० आणि १००० मिलीहेन्री असे तीन पर्याय रोटरी स्विचवर हवे आहेत. १०० मिलीहेन्रीच्या बारीक चोक (तयार मिळणारे छोटे इंडक्टर) सिरीजमध्ये जोडल्या तर चालतील का? स्विच फिरवताना टक् असा आवाज येऊ नये म्हणून काय करायचं?

कथील:
जोडण्याआधी चोकचा डीसी रेझिस्टन्स मीटरवर बघा, सगळी मेख तिथेच आहे. पेडलची टाच दाबलेली असताना रेझोनन्स (उठून येणारी फ्रिक्वेन्सी) ४५० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथे ५०० मिलीहेन्रीचा रिअॅक्टन्स (एसीला होणारा विरोध) जेमतेम १४०० ओहम भरतो. एकेक चोक २०० ओहमची असेल तर पाचांचे १००० ओहम झाले, क्यू (रेझोनन्सचा टोकदारपणा) दीडच्याही खाली गेला. मग पेडल बोलत नाही, नुसता टोनचा नॉब फिरवल्यासारखं वाटतं.

त्यापेक्षा एकाच पॉट कोअरवर (दोन भागांचा डबीसारखा फेराइट गाभा) टॅप, म्हणजे गुंडाळीतून मध्येच बाहेर आणलेली टोकं, काढून गुंडाळा. १८ बाय ११ मिमीचा, हवेची फट नसलेला, एएल (फेऱ्यांच्या वर्गाने गुणला की इंडक्टन्स देणारा आकडा) २००० नॅनोहेन्रीचा कोअर घेतला तर ३८७ फेऱ्यांवर ३००, ५०० फेऱ्यांवर ५०० आणि ७०७ फेऱ्यांवर १००० मिलीहेन्री मिळतात. ४२ एसडब्ल्यूजी गेजची इनॅमल तार बॉबिनमध्ये मावते, आणि पूर्ण गुंडाळीचा रेझिस्टन्स साठेक ओहमच येतो.

दोन गोष्टी सांभाळा. कोअरच्या दोन्ही अर्ध्या भागांचे घासलेले पृष्ठभाग स्पिरिटने पुसून मगच मिटवा. मध्ये धुळीचा कण राहिला तरी फट पडते आणि इंडक्टन्स निम्म्यावर येऊ शकतो. गोंद फक्त बाहेरच्या कडेला. दुसरं, न वापरलेले फेरे मोकळे सोडा, कधीही शॉर्ट करू नका. सुट्या चोकमध्ये नको असलेली चोक शॉर्ट करतात, तीच सवय इथे नडते: शॉर्ट झालेले फेरे सगळ्या गुंडाळीचा इंडक्टन्स पाडतात. म्हणून रोटरी स्विच नॉन-शॉर्टिंग (आधीचा संपर्क तोडून मगच पुढचा जोडणाऱ्या) जातीचाच घ्या. इंडक्टरला पॅरलल असलेला रेझिस्टर स्विचवर न नेता बोर्डावरच ठेवा. त्यातून पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला बायस (काम करायला लागणारा स्थिर व्होल्टेज) मिळत राहतो, त्यामुळे टक् आवाज बराच कमी होतो.

मंद्रसप्तक:
हे पटलं. पण १००० वर आवाज मऊ पडेल ना?

ओहमकार:
पडेल, कारण नुसती फ्रिक्वेन्सी सरकत नाही. १० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरबरोबर चवड्याकडचं टोक ३०० ला २९०० हर्ट्झ, ५०० ला २२५० आणि १००० ला १६०० येतं. टाचेकडचं टोक त्याच प्रमाणात ५८०, ४५०, ३२०. पण पॅरलल रेझिस्टर ३३ के (किलोओहम)चाच ठेवला तर इंडक्टन्स वाढेल तसा क्यू घटतो. म्हणून स्विच दोन पोलचा (एकाच वेळी दोन वेगळ्या जोडण्या बदलणारा) घ्या. बोर्डावर ३३ केच्या जागी ४७ के कायमचा लावा. दुसऱ्या पोलने त्याला पॅरललमध्ये ३०० वर ५६ के आणि ५०० वर १०० के जोडा, १००० वर काहीच नाही. मग तिन्ही ठिकाणी क्यू साधारण सारखा राहतो आणि फरक ऐकू येतो तो निव्वळ इंडक्टन्सचा. तुलना करायची तर हे केल्याशिवाय अर्थ नाही.

गुणगुण:
सलग बदल हवा असेल तर ऑप-अॅम्पचा (अॅम्प्लिफायर चिपचा) जायरेटर, म्हणजे इंडक्टरसारखं वागणारं सर्किट, करा. १०० ओहम, १० नॅनोफॅरड, आणि २२० केला सिरीजमध्ये ५०० केचा पॉट (नॉबने बदलता रेझिस्टर): तिन्हींचा गुणाकार म्हणजे २२० ते ७२० मिलीहेन्री. इंडक्टरच्या जागी तो सरळ जोडू नका. बेसवर एक व्होल्टसुद्धा नसतो आणि ९ व्होल्टवर टीएल०७२ हा ऑप-अॅम्प तिथे काम करत नाही. जायरेटरला ४.५ व्होल्टचा वेगळा बायस द्या आणि मध्ये ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, प्लस टोक जायरेटरकडे. ट्रान्सफॉर्मरची घरघर हा पकडत नाही, मात्र हिस (सूं असा आवाज) थोडा वाढतो.